पाटी एक, दुकान दुसरं

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मेलेल्या टॅगबद्दल असा काही नियम नाही. पण आज ज्याची गोष्ट सांगणार आहे त्याच्याबद्दल मला वाईट बोलायचंच नाहीये. तो बिचारा स्वभावाने भला होता, लोकांनी त्याला नासवला. त्याचं नाव ‘मेटा कीवर्ड’.

ज्यांचा संगणकाशी संबंध ईमेल आणि फोटो बघण्यापुरताच आहे अशा आमच्या घरच्या मंडळींसाठी थोडं सोपं करून सांगतो. महाजालावरच्या प्रत्येक पानाला एक डोकं असतं आणि एक धड असतं. धडात जे लिहाल ते वाचणाऱ्याला दिसतं. डोक्यात जे लिहाल ते बहुतेक सगळं फक्त यंत्रासाठी असतं, वाचणाऱ्याला दिसत नाही. त्या डोक्यात एक ओळ अशी लिहायची सोय होती, की ‘बाबा रे, हे पान अमुक अमुक विषयांवर आहे’. म्हणजे पान पुरणपोळीचं असेल तर ‘पुरणपोळी, होळी, गोड पदार्थ, मराठी पाककृती’ असे चार शब्द. शोधयंत्र यायचं, ती ओळ वाचायचं आणि आपल्या वहीत नोंद करून ठेवायचं. उद्या कोणी ‘पुरणपोळी’ शोधली की त्याला हे पान दाखवायचं. इतकी साधी गोष्ट.

ही कल्पना खरं तर ग्रंथपालांची. वाचनालयात पूर्वी लाकडी खणांमध्ये कार्डं असायची, आठवतात? लेखकाचं एक कार्ड, नावाचं एक, विषयाचं एक. पुस्तक उघडून न बघताही ते कशावर आहे हे कार्डावरून कळायचं. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी ग्रंथपाल आणि संगणकवाले एकत्र बसले आणि महाजालावरच्या पानांसाठी अशीच एक छोटी कार्डपद्धत त्यांनी ठरवायला घेतली. गावाच्या नावावरून तिला ‘डब्लिन कोअर’ म्हणतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एचटीएमएलची दुसरी आवृत्ती अधिकृतपणे लिहून काढली गेली, तिच्यात ‘मेटा’ हा टॅग होता. डिसेंबर १९९५ मध्ये अल्टाव्हिस्टा हे शोधयंत्र सुरू झालं, आणि १९९६ मध्ये अल्टाव्हिस्टा आणि इन्फोसीक या दोघांनी पानाच्या डोक्यातले हे शब्द वाचायला सुरुवात केली.

स्वप्न मोठं सुंदर होतं. जगातल्या प्रत्येक लेखकाने आपल्या पानाचं कार्ड स्वतःच लिहायचं! लाखो पानं, आणि कार्डं लिहायला एकही पगारी ग्रंथपाल नाही. आपल्याकडच्या रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा वाचकाच्या वेळेबद्दल आहे, तो वाया जाता कामा नये. मला हा नियम पाचांमध्ये सगळ्यात आवडतो, कारण त्यात पुस्तकापेक्षा माणसाची काळजी आहे. मेटा कीवर्डची मूळ कल्पना याच नियमातून यावी अशी होती. फक्त एकच अट होती, कार्ड लिहिणाऱ्याने खरं लिहायला हवं. आणि ते कार्ड वाचकाला दिसणार नव्हतं.

इथेच सगळी गंमत झाली. पण त्याआधी या टॅगच्या चांगुलपणाबद्दल थोडं. आपल्या मराठीच्या संदर्भात त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षं मराठी पानं युनिकोडमध्ये नव्हती. ज्याचा त्याचा आपापला फाँट. तो फाँट तुमच्या संगणकावर असेल तर सुंदर देवनागरी दिसायची, नसेल तर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. माणसाचं फाँट उतरवून घेतला की भागायचं, पण शोधयंत्राला काय दिसायचं? नेहमीच चिवडा! त्याच्या दृष्टीने त्या पानावर ‘ज्ञानेश्वरी’ नव्हतीच, तिथे काहीतरी अगम्य अक्षरं होती. अशा पानाच्या डोक्यात कोणी रोमन अक्षरांत ‘मराठी’, ‘ज्ञानेश्वरी’, ‘ओवी’ असे शब्द लिहून ठेवले, तर यंत्राला समजेल अशी खरी गोष्ट त्या पानावर तेवढीच असायची. न्यू जर्सीत किंवा सिंगापुरात बसलेला माणूस रोमनमध्येच शोधायचा. त्याला या न दिसणाऱ्या चार शब्दांचं बोट धरून त्या पानापर्यंत येता यायचं.

शिवाय स्पेलिंगचा घोळ आहेच. चकली कोणी एका पद्धतीने लिहील, कोणी मध्ये एक जादा ‘ए’ घालून. गणपतीची तर निदान तीन स्पेलिंगं मी स्वतः पाहिली आहेत. ती सगळी पानावर लिहीत बसलो तर पान येड्यासारखं दिसेल. डोक्यात लिहून ठेवली तर कोणाला त्रास नाही आणि शोधणाऱ्याची सोय. म्हणजे न दिसणारा शब्द हा लबाडीचाच असतो असं अजिबात नाही. हे आधी सांगून ठेवतोय, कारण पुढची सगळी गोष्ट लबाडीची आहे.

तर मंडळी, लबाडी का सुरू झाली? साधं उत्तर, पैसा. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी हॉटवायर्ड नावाच्या संकेतस्थळावर आडव्या पट्टीच्या जाहिराती झळकल्या. या प्रकारातल्या त्या अगदी पहिल्यावहिल्या म्हणून ओळखल्या जातात. पुढे जाहिरातीचा हिशोब होऊ लागला तो ‘किती वेळा दिसली’ यावर. हजार वेळा दिसली की इतके पैसे. आता यात मेख अशी, की वाचकाने पान वाचलं का, त्याला आवडलं का, हा प्रश्नच नाही. तो आला एवढं पुरे. दोन सेकंदांत वैतागून गेला तरी जाहिरात दिसलीच की! एकदा हिशोब असा ठरला की कोणालाही कसंही करून दारात आणणं हाच धंदा होतो.

मग लोक काय शोधतात ते बघायचं आणि ते शब्द डोक्यात कोंबायचे. नट्यांची नावं, चावट शब्द, त्या आठवड्यातली मोठी बातमी. पान कशाचंही असो, विम्याचं असो नाहीतर कुत्र्यांच्या खाद्याचं. यंत्रं तेव्हा साधी होती. शब्द किती वेळा आला हे त्यांच्या लेखी महत्त्वाचं. म्हणून एकच शब्द शंभर शंभर वेळा. डोक्यात भागेना तेव्हा धडातही, पण पार्श्वभूमीच्याच रंगात, म्हणजे पांढऱ्यावर पांढरं. वाचणाऱ्याला पानाच्या तळाशी नुसती मोकळी जागा दिसायची. यंत्राला मात्र तिथे शब्दांचा ढीग.

याचं एक अंगावर काटा आणणारं उदाहरण आहे. मार्च १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ ‘हेवन्स गेट’ नावाच्या पंथाच्या ३९ जणांनी एकत्र आत्महत्या केली. धूमकेतूच्या मागून अंतराळयान येतंय आणि ते आपल्याला घेऊन जाणार, अशी त्यांची श्रद्धा. या मंडळींचा पोटापाण्याचा व्यवसाय काय होता माहीत आहे? संकेतस्थळं बनवून देणं. त्यांच्या स्वतःच्या पानाच्या तळाशी पार्श्वभूमीत मिसळून जाणाऱ्या रंगात शब्दांची रांग होती. उडत्या तबकड्या, परग्रहवासी, जगाचा अंत, देवदूत अशा अर्थाचे शब्द, पुन्हा पुन्हा. गंमत म्हणून तबकड्यांबद्दल शोधणाऱ्या एखाद्या पोराला त्या पानावर आणून सोडण्यासाठी ती रांग होती. एका अर्थी ते शब्द खोटेही नव्हते, त्यांचा विषय तोच होता. पण समोरचा कुतूहलाने शोधतोय आणि आपण त्याला कुठे नेतोय, यातलं अंतर त्या न दिसणाऱ्या ओळीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. गळाला लावलेलं गांडूळ खरंच असतं, खोटा असतो तो त्यामागचा हेतू.

असो. १९९८ साली स्टॅनफर्डमधल्या दोन विद्यार्थ्यांनी, लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी, आपल्या नव्या शोधयंत्रावर एक निबंध लिहिला. त्यात दोन गोष्टी फार मजेशीर आहेत. एक म्हणजे, नोव्हेंबर १९९७ मध्ये चार आघाडीच्या शोधयंत्रांपैकी फक्त एकाला स्वतःचं नाव शोधल्यावर स्वतःचं पान पहिल्या दहांत दाखवता येत होतं! इतका कचरा माजला होता. दुसरी गोष्ट त्यांनी जवळजवळ जाता जाता म्हटली आहे. वाचकाला न दिसणारा मजकूर यंत्राला फसवण्यासाठीच वापरला जातो, त्यामुळे अशा माहितीवर विसंबून शोध घेण्याचे प्रयत्न बहुतेक फसले आहेत, अशा आशयाचं. म्हणून त्यांनी लेखक स्वतःबद्दल काय म्हणतो यापेक्षा इतर लोक दुवे देताना त्याच्याबद्दल काय म्हणतात यावर भर दिला. थोडक्यात काय, तर आत्मस्तुती नको, गावात चौकशी करा. त्या यंत्राचं नाव गूगल. (लोकांनी मग गावालाच पढवून ठेवायला सुरुवात केली, म्हणजे दुवेच विकत घ्यायला! पण ती वेगळी कथा.)

तोवर भांडणं कोर्टात पोचली होती. आणि ही कोर्टबाजी मला फार बोधप्रद वाटते.

कोलोरॅडोत ओपेडाल अँड लार्सन नावाचं वकिलांचं कार्यालय होतं. त्यांना १९९७ मध्ये असं आढळलं, की भलत्याच लोकांच्या पानांच्या डोक्यात आपली आडनावं लिहिलेली आहेत. हे वकील डोमेन नावांच्या वादांमुळे ओळखीचे झाले होते, त्यामुळे लोक त्यांना शोधायचे. आता वकिलाचं नाव चोरायचं म्हणजे वाघाच्या मिशीला हात. त्यांनी खटला भरला आणि ती नावं काढायला लावली.

दुसरा किस्सा मॅसॅच्युसेट्सचा, १९९८चा. रंगातलं शिसं तपासायची यंत्रं बनवणाऱ्या दोन कंपन्या. एकीचं नाव निटन. तिच्या प्रतिस्पर्ध्याने निटनच्या पानाचं डोकं जसंच्या तसं उचललं. इतकं जसंच्या तसं, की ‘हे निटन कंपनीचं मुखपृष्ठ आहे’ या अर्थाचं वाक्यसुद्धा त्यात तसंच राहिलं! शाळेत शेजारच्या मुलाची उत्तरपत्रिका उतरवताना त्याचं नावही उतरवणारा एखादा महाभाग तुमच्याही वर्गात असेल :)

तिसरा खटला सगळ्यात गाजलेला. ब्रुकफील्ड नावाच्या कंपनीचं चित्रपटांची माहिती देणारं ‘मूव्हीबफ’ नावाचं सॉफ्टवेअर होतं. वेस्ट कोस्ट नावाच्या, व्हिडिओ कॅसेटी भाड्याने देणाऱ्या साखळीने हाच शब्द आपल्या संकेतस्थळासाठी वापरायचं ठरवलं. एप्रिल १९९९ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने सांगितलं, की हा शब्द पानाच्या डोक्यातही वापरता येणार नाही. त्यांनी महामार्गाचा दाखला दिला. एका दुकानाची पाटी लावली, ‘आमचं दुकान सातव्या वळणावर’. प्रत्यक्षात सातव्या वळणावर दुसऱ्याचंच दुकान, पाटीवरचं दुकान आठव्यावर. माणूस सातव्याला वळतो, शोधतो, सापडत नाही. मग म्हणतो, जाऊ दे, आता आलोच आहे तर इथूनच कॅसेट घेऊ. तो फसलाय का? दुकानात शिरताना त्याला पाटी दिसते, दुकान कोणाचं हे त्याला कळतं. तरीही त्याला तिथे आणलं गेलं ते खोट्या पाटीने.

याच निकालातला एक बारकावा मला फार आवडतो. कोर्ट म्हणालं, ‘मूव्हीबफ’ हा जोडून लिहिलेला शब्द त्या कंपनीचा. पण ‘मूव्ही बफ’, मध्ये जागा सोडून, म्हणजे नुसता सिनेमाचा शौकीन. तो शब्द सगळ्यांचा, तो खुशाल वापरा. एका रिकाम्या जागेइतकी बारीक रेघ! पण ती योग्य जागी ओढलेली आहे. भाषा सगळ्यांची, नाव ज्याचं त्याचं.

चौथा खटला. (घरातल्या वडीलधाऱ्यांनी हा परिच्छेद वगळला तरी चालेल.) टेरी वेल्स ही प्लेबॉय मासिकाची १९८१ची ‘प्लेमेट ऑफ द इयर’. पुढे तिने स्वतःचं संकेतस्थळ काढलं आणि त्याच्या डोक्यात ‘प्लेबॉय’ आणि ‘प्लेमेट’ हे शब्द लिहिले. मासिकाने १९९८ मध्ये खटला भरला. फेब्रुवारी २००२ मध्ये त्याच नवव्या सर्किटने निकाल बव्हंशी तिच्या बाजूने दिला. का? कारण ती खरोखरच ती होती! स्वतःची ओळख सांगायला तिच्याकडे दुसरा शब्दच नव्हता. ती मिळवलेली पदवी होती, चोरलेली नव्हती. शिवाय कोर्टाने शोधणाऱ्या माणसाचाही विचार केला. असे शब्द वापरायला बंदी केली तर लोकांना हवं ते सापडणार कसं? मात्र सोबत एक इशाराही दिला, की हेच शब्द इतक्या वेळा कोंबले असते की खुद्द मासिकाच्या वर तिचं पान दिसावं, तर आमचा विचार कदाचित वेगळा झाला असता.

हे सगळे निकाल वाचताना एक गोष्ट खटकत राहते. प्रत्येक खटल्यात तक्रार कोणाची आहे? नावाच्या मालकाची. ‘माझं नाव वापरलं, माझं गिऱ्हाईक पळवलं.’ अगदी रास्त. पण जो माणूस शोधत होता, ज्याला फिरवून भलतीकडे नेलं, त्याची तक्रार कुठे आहे? विम्याच्या पानावर नटीचं नाव लिहिलं तर कदाचित नटी खटला भरेल. ‘मोफत’, ‘निकाल’, ‘नोकरी’ असे शब्द लिहिले तर कोण भरणार? ते शब्द कोणाच्याच मालकीचे नाहीत. दहावीचा निकाल शोधणाऱ्या मुलाला भलत्याच पानावर नेलं तर त्याची पाच मिनिटं गेली. पाच मिनिटांसाठी कोण कोर्टात जातं? पण अशी पाच मिनिटं हजारो जणांची जातात.

एका ठिकाणी मात्र कायद्याने थेट वाचकाचा विचार केला. जुलै २००६ मध्ये अमेरिकेत झालेल्या ॲडम वॉल्श कायद्यात असं एक कलम आलं, की कोणाला फसवून अश्लील मजकुराकडे नेण्याच्या हेतूने पानाच्या आतल्या संहितेत दिशाभूल करणारे शब्द किंवा चित्रं घालणं हा गुन्हा. शिक्षा दहा वर्षांपर्यंत, आणि फसवलेलं जर मूल असेल तर वीस वर्षांपर्यंत. त्यात एक समजूतदार सूटही आहे. आत काय आहे हे शब्दावरूनच उघड कळत असेल तर तो शब्द दिशाभूल करणारा मानायचा नाही. म्हणजे चावट दुकानाला चावट पाटी चालेल, त्या दुकानावर खेळण्यांची पाटी चालणार नाही. साऱ्या नीतिशास्त्राचं सार या सुटीत आहे असं मला वाटतं.

या विषयावर माझा आणि माझ्या एका आतेभावाचा जुना वाद आहे. त्याचं छोटं दुकान आहे आणि जाहिरातीचं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याचं म्हणणं, “अरे, गिऱ्हाईक एकदा उंबरा चढलं पाहिजे. माल चांगला असला तर थांबेल, नसला तर जाईल. तू कोणाचा हात धरून ठेवतोस का?” तो मला नेहमी सांगतो, की लेखांच्या खाली दोन-चार नट्यांची नावं टाक, बघ कशी गर्दी होते ते. “तुझं लिखाण चांगलं असेल तर त्यातले दहा तरी वाचतील. खरं लिहून काय मिळतं तुला? तीन वाचक, त्यातला एक मी!”

त्याचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बाजारात ओरडून विकायची रीत जुनीच आहे. ‘स्वस्त, स्वस्त, स्वस्त’ असं ओरडणाऱ्या भाजीवाल्याला आपण खोटारडा म्हणत नाही. पण एक फरक आहे. भाजीवाला ओरडतो ते माझ्यासमोर. मला तो दिसतो, त्याची भाजी दिसते, आणि विश्वास किती ठेवायचा ते मी ठरवतो. खोटा कीवर्ड मला दिसतच नाही. तो माझ्याशी बोलत नाही, तो बोलतो ज्याला मी वाट विचारली त्याच्याशी. एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत आपण विचारतो, पंढरपूरची गाडी कुठली? खिडकीतला माणूस सांगतो, पाच नंबरला लागली आहे. आपण पिशव्या सांभाळत, पोराबाळांना धरत जाऊन बसतो आणि गाडी सुटल्यावर कळतं की ती भलतीकडेच चालली आहे. कंडक्टर म्हणतो, नको असेल तर पुढच्या थांब्यावर उतरा, आम्ही काय बांधून ठेवलंय का? त्याने बांधून ठेवलेलं नाही हे खरंच. पण त्याने चौकशीच्या खिडकीला खोटं सांगून ठेवलं होतं. उद्या आपण त्या गाडीवर विश्वास ठेवणार नाही हा झाला त्याचा तोटा. उद्या आपण त्या खिडकीवरच विश्वास ठेवणार नाही, हा मात्र सगळ्यांचा तोटा. खऱ्या पंढरपूरच्या गाडीचासुद्धा.

आणि अगदी हेच घडलं. खिडकीच बंद झाली. २००२ सालापर्यंत अल्टाव्हिस्टानेही हे शब्द विचारात घेणं सोडून दिलं. गूगलने २१ सप्टेंबर २००९ रोजी मॅट कट्स या आपल्या अभियंत्याकरवी जाहीरपणे सांगून टाकलं, की वेबशोधात पानांचा क्रम लावताना मेटा कीवर्ड आम्ही वापरत नाही. ज्यांना माहीत होतं त्यांच्यासाठी ही जुनीच बातमी होती. मूळचे कॅनडाचे विज्ञानकथालेखक कॉरी डॉक्टरो यांनी २००१ सालीच एका लेखात असल्या माहितीपत्रकांच्या स्वप्नाची यथेच्छ टर उडवली होती, आणि ते स्वप्न का फसणार याची जी सात कारणं दिली त्यातलं पहिलंच कारण म्हणजे लोक खोटं बोलतात.

इथे मला खरी हळहळ वाटते. खोटं बोलणाऱ्यांचं काय गेलं? काहीच नाही. ते पुढच्या युक्तीकडे वळले. गेलं ते खरं बोलणाऱ्यांचं. चकलीची तीन स्पेलिंगं इमानदारीने लिहून ठेवणाऱ्या बाईचं, ज्ञानेश्वरीचं पान चिवड्यातून वर यावं म्हणून चार शब्द लिहिणाऱ्या माणसाचं. त्यांचे खरे शब्द इतरांच्या खोट्या शब्दांबरोबर एकाच कचऱ्याच्या डब्यात गेले, कारण यंत्राला दोहोंतला फरक ओळखता येईना. पुढे युनिकोड आलं आणि मराठी पानं यंत्राला थेट वाचता येऊ लागली, म्हणून आपलं निभावलं. पण ज्या भाषेकडे आधीच वाचक थोडे, तिला खिडकी बंद होण्याची झळ जास्त लागते. मोठ्या भाषांकडे वाटा पुष्कळ असतात.

मोठ्यांनीही हे धंदे केले नाहीत असं समजू नका. फेब्रुवारी २००६ मध्ये गूगलने बीएमडब्ल्यू कंपनीचं जर्मन संकेतस्थळ आपल्या यादीतून काढून टाकलं. तिथे यंत्राला एक पान दाखवलं जात होतं, ज्यात ‘जुन्या गाड्या’ या अर्थाचा जर्मन शब्द पुन्हा पुन्हा होता, आणि माणसाला वेगळंच पान. कंपनीने ती पानं काढली आणि काही दिवसांत ते संकेतस्थळ यादीत परत आलं. एवढ्या मोठ्या कंपनीला हे करावंसं वाटावं याचं आश्चर्य वाटतं. किंवा खरं तर वाटत नाही. हजार वेळा दिसली की इतके पैसे, हा हिशोब सगळ्यांना सारखाच भुलवतो.

आपल्याकडेही हा वाद पोचला. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांच्यासमोर शादी डॉट कॉम चालवणाऱ्या कंपनीचं प्रकरण आलं. दुसऱ्या एका लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळाने आपल्या मेटा टॅगमध्ये त्यांचं नाव घातलं होतं. न्यायालयाने ते चालू दिलं नाही. (‘शादी’ हा शब्द तर सगळ्या हिंदुस्थानाचा, त्यामुळे ‘मूव्ही बफ’ची ती रिकामी जागा मला इथे आठवल्याशिवाय राहत नाही.) ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने गूगल आणि डीआरएस लॉजिस्टिक्स यांच्या प्रकरणात जाहिरातीच्या कीवर्डबद्दल निकाल दिला. प्रतिस्पर्ध्याचं नाव कीवर्ड म्हणून वापरणं हा त्या नावाचा ‘वापर’ आहेच, पण तेवढ्यानेच तो गुन्हा होत नाही. वाचकाचा गोंधळ होतो का, त्याची दिशाभूल होते का, हे पाहायचं. सव्वीस वर्षांपूर्वी कोलोरॅडोच्या वकिलांनी नावाच्या मालकीपासून सुरू केलेला वाद असा हळूहळू वाचकाच्या डोक्यापर्यंत आला. बरं वाटलं.

टॅग मेला, पण त्याचा आत्मा भटकतोय. आता तो हॅशटॅगमध्ये दिसतो आणि व्हिडिओंच्या मथळ्यांत. मथळा म्हणतो ‘मुख्यमंत्र्यांचा राजीनामा’, आणि व्हिडिओ बघितला तर कोणाचाच राजीनामा नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातल्या तेरा प्रकारांत आमिष एक दाखवून हातात दुसरंच देणं हाही एक प्रकार आहे. डिसेंबर २०२४ मध्ये यूट्यूबने जाहीर केलं, की मथळ्यात किंवा चित्रात एक सांगून व्हिडिओत ते न दाखवणाऱ्यांवर, विशेषतः ताज्या बातम्यांच्या बाबतीत, कारवाई करू, आणि सुरुवात भारतापासून. हा आपला मान की अपमान, ते तुम्हीच ठरवा. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा ही म्हण ज्या भाषेत आहे, तिला हे सगळं नवं नाही हे मात्र खरं.

मग न दिसणारा शब्द लिहावा की नाही? माझी कसोटी साधी आहे. जो शब्द मी यंत्राला गुपचूप सांगतो, तोच वाचकाला तोंडावर सांगू शकतो का? ‘या पानावर चकली आहे, तुम्ही स्पेलिंग कसंही करा’ हे मी कोणालाही सांगेन. ‘मी १९८१ची अमुक आहे’ हे टेरी वेल्स कोणालाही सांगेल. पण ‘तुम्ही नटीचे फोटो शोधत होतात ना, या, माझा इतिहासावरचा लेख वाचा’ हे मी आलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघून म्हणू शकणार नाही. आतेभावाच्या हिशोबाने दहा जण वाचतीलही. पण उरलेले नऊशे नव्वद जण, ज्यांचा क्षणभर का होईना मी वेळ चोरला, त्यांचा हिशोब त्याच्या वहीत नाही. रंगनाथनांच्या वहीत तो असता.

आणि आकड्यांचं म्हणाल तर, चुकून दारात आलेल्या हजारांपेक्षा मुद्दाम वाट वाकडी करून आलेले तीन मला जास्त जवळचे. त्यातला एक आतेभाऊ असला तरी. तो हे वाचून भांडायला येणार, हे नक्की. तुमचं मत त्याच्या बाजूचं असेल तर तेही मोकळेपणाने कळवा.